ड्राय फ्लाय बुडते, वेट फ्लाय ताठ राहते: हॅकलसाठी पीस कसं निवडायचं?

फ्लाय म्हणजे मासेमारीच्या गळावर बांधलेलं कीटकासारखं आमिष: ड्राय पाण्यावर तरंगते, वेट पाण्याखाली राहते, आणि तिच्याभोवती गुंडाळलेलं पीस म्हणजे हॅकल. कोंबड्याच्या पिसांचं एकच पाकीट दोन्ही प्रकारच्या फ्लायला वापरता, ड्राय फ्लाय चार-पाच फेकींतच बुडते आणि वेट फ्लाय पाण्यात काडीसारखी ताठ राहते, असं तुम्ही लिहिलंय. मी आधी पिसं तपासेन, बांधणी नंतर. दोन्हींना नेमकी उलट पिसं लागतात.

ड्राय फ्लायला नर कोंबड्याच्या मानेचं किंवा सॅडलचं, म्हणजे पाठीच्या मागच्या भागाचं, पीस घ्या. ते उजेडासमोर धरा. बुडाकडे दांडीलगत गडद, अपारदर्शक भाग दिसतो, तो वेब. तिथले तंतू बारीक आकड्यांनी एकमेकांत गुंतलेले असतात आणि पाणी धरून ठेवतात. वेब जितका कमी, तितकी फ्लाय जास्त वेळ तरंगते. मग तंतू उलटे चोळून सोडा: झटकन परत सरळ व्हायला हवेत. लोक रंगावर भाळतात, पण ग्रिझली (काळे-पांढरे पट्टे) असो की डन (राखाडी), मऊ पीस बुडणारच. फ्लोटंट (फ्लाय तरंगती ठेवणारं द्रव्य) चोळूनही फार काळ निभत नाही.

माप घेताना पीस गळाच्या दांडीभोवती वाकवा, तंतू पंख्यासारखे उभे राहतील. त्यांची लांबी गळाच्या गॅपच्या (टोक आणि दांडी यांमधल्या अंतराच्या) दीडपट ते पावणेदोनपट हवी, म्हणजे गॅप ४ मिमी असेल तर ६ ते ७ मिमी. लांब झाले तर फ्लाय कलंडते, आखूड झाले तर तिचं अंग पाण्याला टेकतं. पॅराशूट फ्लायमध्ये हॅकल पंखाच्या बुडाभोवती गुंडाळतात आणि तंतू आडवे पसरतात, त्यामुळे तिथे थोडी सूट असते.

मानेच्या पूर्ण कातड्यावर, म्हणजे केपवर, लहानमोठ्या बऱ्याच मापांची पिसं मिळतात. सॅडलची पिसं लांब आणि जवळपास एकाच मापाची असतात, चांगल्या एका पिसात तीन-चार फ्लाय होतात. एकाच मापावर बांधणार असाल तर सॅडल, नाहीतर केप.

बुडाचा वेब सोलून टाका आणि दांडीचा १-२ मिमी भाग उघडा ठेवून बांधा. तो ठेवला नाही तर पहिल्याच वेढ्याला तंतू वाटेल तिकडे पसरतात. फ्लायच्या पंखाच्या मागे तीन-चार, पुढे तीन-चार वेढे पुरतात. दांडी जाड असली की वेढा घेताना ती पिळवटते. कोरडी, ठिसूळ असेल तर मोडतेही. अशी पिसं आधी थोडा वेळ पाण्यात भिजवा.

वेट फ्लायला कोंबडीच्या मानेचं किंवा तित्तिराचं पीस घ्या. इथे वेब हवाच: तो पाणी पितो, तंतू मऊ पडतात आणि प्रवाहात हलतात. तंतू मागे वळवले की गळाच्या टोकापर्यंत यावेत. पीस शेंड्याकडून बांधा, खोलगट बाजू मागे, आणि दीड-दोन वेढ्यांवर थांबा. नवशिके इथे चार-पाच वेढे घेतात. मग तंतूंना हलायला जागाच उरत नाही आणि पुन्हा तीच काडी तयार होते. तित्तिराचं पीस फार दाट वाटलं तर त्याच्या एका बाजूचे तंतू सोलून टाका.

हातातलं पाकीट टाकून देऊ नका. त्यातली लांब, मऊ, वेबवाली पिसं वूली बगर या पाण्याखाली चालणाऱ्या फ्लायच्या अंगावर शेपटापासून डोक्यापर्यंत गुंडाळायला चांगली चालतात.