आजारी मुलांच्या घरच्यांना संस्था खरंच उभारी देतात का?

तुम्ही विचारलंय की गंभीर आजारी मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था नेमकी कसली आशा देतात, की नुसता खाऊ वाटून, दोन गोड शब्द बोलून निघून जातात? भाचीच्या आजारपणात मी हे जवळून पाहिलंय, म्हणून लिहितो.

भाची ६ वर्षांची असताना तिला ब्लड कॅन्सर निघाला. ताई-भावजी जालन्याकडचे, दुसऱ्याच्या शेतात राबणारे. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी नीट समजावलं होतं की मुलांमधला हा प्रकार बहुतेकदा बरा होतो, पण उपचार शेवटपर्यंत घ्यायला हवेत. दोन-अडीच वर्षं, आणि त्यातले पहिले सात-आठ महिने मुंबई सोडायची नाही. भावजींच्या कानात एवढंच राहिलं : सात-आठ महिने मुंबई. उपचाराच्या खर्चाचं सरकारी योजनेतून बरंचसं भागत होतं. राहायचं कुठे, खायचं काय, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. लॉजवर नवव्या दिवशी पैसे संपत आले तेव्हा भावजी मला म्हणाले, "गावी नेतो पोरीला. नशिबात असेल ते होईल."

पोरीवर त्यांचा जीव नव्हता असं नाही. आपल्याकडे कितीतरी मुलांचे उपचार असेच अर्धवट सुटतात, आणि बरा होऊ शकणारा आजार मग हाताबाहेर जातो.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधल्या समाजसेविका ताईंनी आमची फाईल पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "राहता कुठे?" तोवर हे कुणीच विचारलं नव्हतं. त्यांच्या चिठ्ठीवर आधी धर्मशाळेत आणि मग सेंट ज्यूड इंडियाच्या केंद्रात जागा मिळाली. ही संस्था २००६ साली मुंबईत सुरू झाली. उपचारासाठी बाहेरगावाहून आलेल्या मुलांना आई-वडिलांसह ती विनामूल्य राहायला जागा देते. प्रत्येक कुटुंबाला स्वतःची जागा आणि सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर.

त्या स्वयंपाकघराबद्दल मला जरा जास्त सांगायचंय. किमोमुळे मुलांचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचं प्रमाण, खाली येतात, मग साध्या जंतूनेही जीव धोक्यात येतो. म्हणून बाहेरचं काही खायचं नाही, ताजं शिजवलेलंच. लॉजच्या खोलीत हे जमणार कसं? इथे ताई पहिल्यांदा स्वतःच्या हाताने पोरीसाठी मऊ खिचडी करू शकली. शेजारच्या शेगडीवर बिहारची एक आई असायची. तिच्या मुलाचे उपचार चार महिने पुढे होते. ताईला हिंदी जेमतेम, तिला मराठी अजिबात नाही. तरी थर्मामीटर कसं बघायचं, ताप आला की मनाने गोळी न देता रात्री-बेरात्रीही थेट हॉस्पिटल कसं गाठायचं, हे ताई तिच्याकडूनच शिकली. भाचीचे केस गेले त्या दिवशी त्या बाईने आपल्या मुलाची टोपी काढून त्याचं डोकं दाखवलं. बारीक, काळे, नवे केस फुटत होते. ताईने त्यावरून हात फिरवला आणि कितीतरी वेळ तो काढलाच नाही. इतके दिवस आम्ही सगळे फोनवरून तिला "धीर धर" म्हणत होतो. तो तिला त्या दिवशी आला.

अशी कामं संस्थांनी वाटूनच घेतलीत म्हणा ना. कडल्स फाउंडेशन हॉस्पिटलांमध्ये आहारतज्ज्ञ देते, कारण अशक्त मुलाला किमो झेपत नाही. टाटाच्या बालविभागाशी जोडलेलं इम्पॅक्ट फाउंडेशन मुलांचे उपचार अर्ध्यावर सुटू नयेत म्हणूनच झटतं. मेक-अ-विश इंडिया १९९६ पासून मुलांच्या इच्छा पुऱ्या करते. हे शेवटचं मला आधी वरवरचं वाटायचं. पण महिनोन्महिने सुया टोचून घेणाऱ्या पोराला "तुला काय हवंय?" असं कुणीतरी विचारतं, तेव्हा त्याचा चेहरा कसा खुलतो ते मी पाहिलंय. आता तसं वाटत नाही.

सगळीच मुलं बरी होत नाहीत, हेही सांगायला हवं. आमच्या शेजारच्या खोलीतलं एक लेकरू गेलं. त्याला गावी नेण्यासाठी गाडी बघणं, कागदपत्रं करणं, रात्रभर आईजवळ बसणं, हे सगळं केंद्रातल्या माणसांनी केलं. त्याला आशा म्हणायचं की नाही, मला ठरवता येत नाही. पण ते आई-बाप त्या रात्री एकटे नव्हते.

तुमच्या ओळखीत कुणावर ही वेळ आली असेल तर पैसे संपायची वाट बघू नका. पहिल्याच दिवशी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा आणि संकोच न करता सगळं सांगा : राहायची अडचण, बुडणारी मजुरी, घरी ठेवून आलेलं दुसरं मूल. आम्ही नऊ दिवस लाजेपोटी घालवले.

भाची आता चौथीत आहे. तपासणीला येते तेव्हा ताई केंद्रावर डोकावल्याशिवाय परतत नाही. मागच्या खेपेला नांदेडहून नुकतीच आलेली एक आई भेटली. ताईने भाचीला जवळ ओढलं, तिची वेणी सोडली आणि म्हणाली, "बघा, हात लावून बघा."