‘इथं माझ्या मापाचं काहीच मिळत नाही’

परदेशी राहणाऱ्या मुलींशी समुपदेशक म्हणून बोलताना हे वाक्य वरचेवर कानावर येतं. बोलणारी बहुतेक वेळा दुसऱ्याच कशासाठी तरी आलेली असते. झोप लागत नाही, ऑफिसात करमत नाही, घरचा फोन आला की चिडचिड होते. कपड्यांचा विषय मध्येच हसण्यावारी निघतो आणि “जाऊ द्या, तो काही मोठा प्रश्न नाही” म्हणत ती स्वतःच तो बाजूला सारते. मी तिथंच थांबते. रोज सकाळी कपाटापुढे उभं राहिलं की दिवसाचा विचका होत असेल, तर तो मोठाच प्रश्न झाला.

जिच्याबद्दल लिहिते आहे तिची ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लिहायला तिची आणि तिच्या आईची हरकत नाही. आधी आली ती आई, वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या माझ्या खोलीवर. मुलगी ३४ वर्षांची, जपानमध्ये नागोयाला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. “मॅडम, सुकलीय म्हणावं तर चांगली भरलेली आहे. पण व्हिडिओवर बोलते ते गळ्यापर्यंतच दिसते. कुठं जात नाही, कुणाकडे जेवायला नाही. तुम्ही तिला जरा सांगा, वजन उतरव म्हणावं. मग आपोआप सगळं ठीक होईल.”

३४ वर्षांच्या बाईला तिच्या आईच्या वतीनं उपदेश करायला मी बसलेली नाही, हे काकूंना शक्य तितक्या गोडीनं सांगितलं. माझा नंबर द्या, फोन तिनं करायचा. तो आला तेव्हा पहिलंच वाक्य होतं, “ताई, आईनं वजनाचं सांगितलं असेल ना?”

जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं. आमच्याकडे पाच वाजले की तिच्याकडे साडेआठ, जेवणं आटोपलेली, असं ठरवून आम्ही बोलू लागलो.

वडोदऱ्यात असताना तयार कपड्यांतलं आपलं माप काय हे तिला माहीतच नव्हतं. कॉलेजात सलवार-कमीज, गरब्याला चणिया चोळी, पुढं नोकरीत कुर्ते, सगळं आईच्या हातचं. काकू महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालयात शिवण शिकलेल्या. पोरगी रुंद होत गेली तसं कापड जास्त लागत गेलं, इतकंच. नागोयात पहिल्यांदा तिच्या अंगाला दुकानी मापाचा आकडा चिकटला, आणि तो आकडा दुकानात नव्हताच.

तिनं सांगितलेला एक प्रसंग. स्टेशनजवळच्या मॉलमधलं छोटं दुकान. ही दारातून आत पाऊल टाकते आहे तोच विक्रेती मुलगी लगबगीनं पुढं आली, चेहरा ओशाळवाणा, दोन्ही तर्जन्या एकमेकींवर फुलीसारख्या धरल्या आणि म्हणाली, “फुरी साइझु.” म्हणजे फ्री साइझ. एकच माप, सगळ्यांना येणारं. ही तशीच मागं फिरली. त्यानंतर ती कपड्यांच्या दुकानात गेली नाही.

“मला बघूनच फुली मारली ताई.”

बोटांची किंवा हातांची फुली ही तिथं ‘नाही’ म्हणायची रोजची खूण आहे. टेबल रिकामं नसेल, कार्ड चालत नसेल, तरी करतात. हे तिलाही ठाऊक होतं. हॉटेलात तशी फुली पाहिली की ती मुकाट दुसरं हॉटेल शोधायची. इथं मात्र ती फुली कपड्यावर होती की हिच्यावर, हे तिनं क्षणात ठरवून टाकलं होतं. त्या मुलीच्या मनात काय होतं ते आपल्याला कळणार नाही. कदाचित वाईटही असेल. पण दोन शक्यता आहेत एवढं कबूल करायलाच आम्हाला बराच वेळ लागला, आणि मी तो लागू दिला.

मग आकड्यांकडे वळलो. जपानी बायकांच्या कपड्यांचं सरकारी मानक आहे. त्यात ९ नंबर म्हणजे छाती ८३ सेंटिमीटर. अक्षरांत सांगायचं तर ‘एम’ ७९ ते ८७, ‘एल’ ८६ ते ९४. तिला मी टेपनं स्वतःची मापं घ्यायला सांगितली, इंचात नको, सेंटिमीटरमध्ये. ‘चव्वेचाळीस’ हा आकडा तिनं लहानपणापासून आत्या-माम्यांच्या तोंडून ऐकलेला, त्याला टोमण्याचा वास होता. ‘एकशे बारा’ला तसला काही इतिहास नव्हता. छाती ११२, म्हणजे ती जपानी ‘एल’च्या पुढं तीनएक मापं. ज्या दुकानात ‘एल’ हेच शेवटचं माप, तिथं तिला बसणारा कपडा असणं शक्यच नव्हतं. त्या मानकात कंबरेखालच्या घेराचे प्रकारही आहेत. सर्वसाधारण तो ‘ए’, त्याहून ८ सेंटिमीटर जास्त तो ‘बी’. याचा अर्थ जपानी बायकाही एका साच्यातल्या नाहीत, हे आकडे ठरवणाऱ्यांना पक्कं माहीत आहे. दुकानदार मात्र खपतं तेवढंच ठेवतो. ३० च्या वर बीएमआय (उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा), म्हणजे लठ्ठपणा असलेल्या प्रौढांचं प्रमाण तिथं शेकडा पाचाच्या आसपास, तेव्हा गल्लीतल्या दुकानानं तो माल का ठेवावा?

(आपल्याकडे तरी काय मोठं आहे म्हणा. भारतीय शरीरांची म्हणून आपली मापं असावीत यासाठी निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेनं सहा शहरांत २५ हजार लोकांची मापं घ्यायचं काम हाती घेतलं, तेही फार उशिरा. आमच्या वडोदऱ्यात अलकापुरीतल्या दोन शोरूममधला ‘एक्सएल’ अजून एकमेकांशी जुळत नाही.)

मोठ्या मापाचे कपडे जपानमध्ये मिळत नाहीत असं नाही, ते वेगळ्या वाटेनं मिळतात. शोधताना ‘ओओकिइ साइझु’, म्हणजे मोठं माप, असं जपानीतच लिहावं लागतं, इंग्रजीत शोधलं तर निम्मं दिसतच नाही. निस्सेनसारख्या घरपोच माल देणाऱ्या जुन्या कंपन्यांचे स्वतंत्र विभाग आहेत. युनिक्लोची सर्वांत मोठी मापं बहुतेक ऑनलाइनच मिळतात. विनोदी अभिनेत्री नाओमी वातानाबे हिनं २०१४ मध्ये पुन्यूस नावाचा ब्रँड काढला, त्यात लहानांपासून खूप मोठ्यांपर्यंत मापं आहेत. स्वेटर, कोट, रेनकोट पुरुषांच्या विभागातून घेतले तर कुणी विचारत नाही, फक्त बटणं उलट्या बाजूला. बुटांचंही तेच. बायकांचे बूट बऱ्याच दुकानांत साडेचोवीस सेंटिमीटरला संपतात, हिचा पाय साडेपंचवीस. यातलं निम्मं तिनंच शोधून मला सांगितलं. इंजिनिअर बाई, प्रश्न मापाचा आहे म्हटल्यावर तिनं तक्ताच केला.

पण तक्ता झाला म्हणून ती बाहेर पडली का? नाही.

मी तिला एक वही करायला लावली. आमंत्रण काय होतं, नाही म्हणताना काय कारण दिलं, खरं कारण काय, असे तीन रकाने. वर्षअखेरची ऑफिसची पार्टी, कारण सर्दी. शेजारणीबरोबर चेरीची फुलं बघायला जाणं, कारण काम. खरं कारण दोन्हीकडे एकच, अंगावर घालायला कोट नाही, आहे त्याची चेन लागत नाही. तिसरा रकाना भरताना ती थांबली आणि म्हणाली, “मी वजन कमी झाल्यावर कोट घेणार होते. म्हणून दोन हिवाळे घेतलाच नाही.”

ही ‘झाल्यावर’ची वाट मी फार जणींच्या बोलण्यात पाहते. झाल्यावर फोटो काढू, झाल्यावर पोहायला जाऊ. वजन उतरवायला माझी ना नाही. थायरॉइडची गोळी तिला चालूच होती, ती नीट तपासून घ्यायला मी डॉक्टरकडे पाठवलं. पाळी बिघडली असेल, वजन अचानक वाढलं असेल, मनाच्या आजारावरची नवी औषधं सुरू झाली असतील, तर ते आधी डॉक्टरांनी बघायचं. पण नागोयातली थंडी या वर्षीच्या अंगाला वाजते, दोन वर्षांनंतरच्या नाही. कोट आत्ताच्या मापाचा आत्ता घ्यायचा, एवढ्यावर मी अडून बसले. आरशापुढं उभं राहून ‘मी सुंदर आहे’ म्हणायला मी सांगत नाही. स्वतःवर चिडलेल्या माणसाला तसं म्हणायला लावलं की तो आणखी चिडतो.

खाण्याचंही विचारलं. विचारावंच लागतं. दुपारचा डबा सगळ्यांसमोर नको म्हणून ती उपाशी राहायची आणि रात्री घरी जाताना दुकानातून भाताचे गोळे, क्रीमचे पाव घेऊन खोलीत एकटी खायची. खाऊन ओकणं, जुलाबाची औषधं घेणं यातलं काही नव्हतं. असतं तर मी तिला तिथल्याच तज्ज्ञाकडे पाठवलं असतं. दुपारी जेवायचं, बस, एवढंच आम्ही धरलं.

आणखी एक भीती होती. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत दिलेला गाऊन पुढून मिटला नव्हता आणि ‘पुढच्या वर्षी तुझी कंबर मोजतील, जास्त भरली तर दंड’ असं कुणीतरी सांगितलेलं. कंबर मोजतात हे खरं आहे. २००८ पासून ४० ते ७४ वयाच्या लोकांसाठी तशी योजना आहे, बायकांना ९० सेंटिमीटरची रेघ, आणि कंपनीच्या तपासणीत पस्तिसाव्या वर्षीही मोजतात. पण माणसाला दंड वगैरे काही नाही. सल्ला देतात, आर्थिक भार पडलाच तर विमा संस्थेवर. हे तिनं ऑफिसच्या नर्सला विचारून खात्री करून घेतलं, आणि पुढच्या वेळी मोठा गाऊन ठेवाल का, असंही विचारलं. नर्स म्हणाली, आहे की आमच्याकडे.

राहिल्या काकू. मला वाटतं खरं काम तिथं होतं.

दर दिवाळीला त्या पार्सल पाठवायच्या. फराळ आणि दोन कुर्ते. कुर्ते मुद्दाम एक माप लहान. “मोठे पाठवले तर ती आणखी सुटेल मॅडम. घालायची हौस असेल तर बारीक होईल.” मुलीच्या कपाटात असे न घातलेले कुर्ते घड्या करून रचलेले, आणि प्रत्येक घडी तिला रोज काहीतरी ऐकवायची.

टोचून बोलल्यानं माणूस बारीक होत नाही, हे काकूंना पटवायला मी इंग्लंडमधला एक अभ्यास सांगितला. २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला, ५० च्या पुढची २,९४४ माणसं, चार वर्षं. वजनावरून हिणवलं गेल्याचं ज्यांनी सांगितलं त्यांचं वजन सरासरी जवळपास किलोभर वाढलं, बाकीच्यांचं थोडं घटलं. हिणवल्यामुळेच वाढलं असं त्यावरून छातीठोक म्हणता येत नाही, पण हिणवून कमी होतं याला तर काहीच आधार नाही. काकूंनी ऐकून घेतलं. आकड्यांनी त्या हलल्या नाहीत.

हलल्या त्या कुर्त्यानं. नमुना म्हणून एक आणायला सांगितला होता. मी तो उलटा केला. बाजूच्या शिवणीत आत दोन्हीकडे चांगली इंचभर माया सोडलेली, इस्त्री करून दाबलेली. मुंढ्यापाशीही.

“काकू, हे कशाला?”

“राहू द्यावी. लागली तर उसवता येते.”

चारही कडांना इंचभर माया असेल तर शिवणीपुरती सोडून कुर्ता सहज तीन इंच सैल होतो. म्हणजे मापात बसेल एवढं कापड काकू दर वर्षी नागोयाला पाठवतच होत्या, शिवून बंद करून. मी एवढंच म्हटलं. त्या बराच वेळ कुर्त्याची कड बोटांनी चाचपत बसल्या, मग म्हणाल्या, “बाहीला कळी घालावी लागेल. दंडात अडेल.”

त्या रविवारी त्यांनी मुलीला व्हिडिओवर बसवून शिवण उसवायला शिकवलं. मुलीकडे ब्लेड होतं, उसवणी नव्हती, त्यावरून दोघींची वादावादी झाली. मला दोघींनी वेगवेगळी सांगितली.

मुलीनं ऑनलाइन ‘फोर एल’चा कोट मागवला. छातीत बसला, पण खांदे बाहेर उतरले. मोठं माप काढताना लहान मापाचाच कागद सगळीकडून वाढवायची पद्धत असते, खांदे काही तेवढे वाढलेले नसतात. पूर्वी या एका गोष्टीवर तिनं तो परत पाठवून आठवडाभर तोंड मिटलं असतं. या वेळी तिनं कापड दुरुस्त करणारं दुकान शोधलं, तिथल्या म्हाताऱ्या बाईला खांद्याला टाचण्या लावून दाखवल्या. कोट घालून ती ऑफिसच्या पार्टीला गेली आणि तासाभरात कंटाळून परत आली. पार्ट्या कंटाळवाण्याच असतात, हे तिला नव्यानं कळलं.

सगळं सुटलेलं नाही. ब्रेसियर अजून वडोदऱ्यातूनच जातात. जपानमध्ये मोठ्या घेराची निवड फार तोकडी, तेव्हा काकू मंगळ बाजारातून घेऊन कुरिअर करतात. गरम पाण्याच्या कुंडावर, जिथं बायका-बायका विवस्त्र उतरतात, तिथं ती मैत्रिणींबरोबर जात नाही. तिनं जायलाच हवं असं मला वाटत नाही. तिथं न जाणाऱ्या काही बारीक मुलीही मला ठाऊक आहेत.

यंदा नवरात्रात ती येते आहे. चणियाचा घेर, कापड, आरशाचं काम, सगळं मायलेकींनी फोनवर ठरवलं. ११२ चं माप काकूंनी तिच्याकडून विचारून लिहून घेतलं. अडलंय ते चोळीच्या पाठीवर. काकूंना पाठ झाकलेली हवी आहे, मुलीला दोरीची. या भांडणात मला ओढू नका, असं मी दोघींनाही बजावून सांगितलं आहे.