आजीने नातीला पत्ते शिकवावेत का?

प्रश्न : सासूबाई गावाहून आल्यापासून रोज दुपारी माझ्या तिसरीतल्या मुलीला घेऊन पत्ते खेळत बसतात. आधी बदाम सात, आता पाच-तीन-दोन चालू आहे. मिस्टर चिडतात, म्हणतात हीच जुगाराची सुरुवात. मला तर त्यात वाईट काही वाटत नाही, पण त्यांना समजावू कसं?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : ताई, अजिबात बंद करू नका. मिस्टरांची काळजी खोटी नाही, म्हणून घरात एक नियम करा, पैसे लावायचे नाहीत, अगदी रुपयाचं नाणंसुद्धा नाही, ह्या बाबतीत मी कडक आहे.

आता पाच-तीन-दोन बघा ना. तिघांना दहा-दहा पत्ते, आणि पहिल्या पाचांवरच हुकूम, म्हणजे बाकी सगळ्यांवर भारी पडणारा रंग, बोलायचा, म्हणजे अर्धे पत्ते दिसतायत तेवढ्यात ठरवायचं! मग इस्पिकचा एक्का पडून गेला, राणी माझ्याकडे, राजा अजून कोणाकडेतरी आहे, आत्ता उतारी करू, म्हणजे तो पत्ता खाली टाकू, की थांबू, हे सगळं पोर मनातल्या मनात करतं आणि कोणी तिला अभ्यासाला बसवलेलं नसतं. हात, म्हणजे जिंकलेल्या फेऱ्या, ठरल्यापेक्षा कमी पडले की पुढच्या डावात तिचे पत्ते ओढले जातात, तेव्हा रडू येतं. येऊ दे. आमच्याकडे वर्तकनगरला भाचा हरला की पत्ते भिरकावायचा, आम्ही ओरडायचो नाही, फक्त सोफ्याखालचे सगळे पत्ते त्यानेच गोळा करून पिसायचे. महिन्याभरात हरल्यावर स्वतःच म्हणायला लागला, वाटू का?

सासूबाईंना एवढंच सांगा, मुद्दाम हरू नका, मुलांना ते लगेच कळतं आणि जिंकल्याची मजाच जाते.

आणि मिस्टरांना सांगा, २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार ह्या जोडीने ब्रिज ह्या पत्त्यांच्याच खेळात भारताला गोल्ड मिळवून दिलं, बर्धन तेव्हा ६० वर्षांचे होते! आपला मेंढीकोट पण तसाच, चौघं, दोन जोड्या, हुकूम आणि भिडूवर भरवसा. रविवारी जेवणं झाली की मिस्टरांनाच लेकीचा भिडू करून समोर बसवा. तेरा पत्ते तिच्या हातात मावणार नाहीत, पंखा उघडला की दोन खाली पडतील, तर बुटाच्या खोक्याचं झाकण आडवं ठेवून त्यात उभे करायला द्या.