साडेचारला जाग येते म्हणतेस

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. लातूरच्या खोलीत रोज साडेचारला जाग येते, मग काही केल्या डोळा लागत नाही आणि केमिस्ट्रीच्या तासाला मान पडते. खाली टँकर लागतो, मेसमध्ये पातेली आदळतात, शेजारच्या मुलीचा अलार्म वाजतच राहतो, कुठूनतरी भोंगा सुरू होतो. खोली बदलू का, असं विचारलंस. नको बदलूस. ट्यूशन एरियात कुठंही गेलीस तरी पहाटे पाणी येणार आणि मेसची शेगडी पेटणार.

तुझ्या झोपेत बिघाड नाही, हे आधी समजून घे. रात्रीच्या पहिल्या काही तासांत झोप गाढ असते. नव्वदेक मिनिटांची आवर्तनं होत होत पहाटेकडं ती पातळ होते, स्वप्नं वाढतात. टँकर साडेबाराला आला असता तर तुला कदाचित कळलंही नसतं, तोच साडेचारला उठवून बसवतो. त्यात पहाटेची हवा. रात्रभर जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार होते आणि वरची त्यापेक्षा ऊबदार राहते. मग आवाज वर विरून न जाता खाली वळतो आणि लांबवर पोचतो. परभणीत माझ्या घरापासून स्टेशन बरंच लांब आहे. दुपारी गाडीची शिट्टीसुद्धा कानावर पडत नाही, पहाटे मात्र रुळांचा खडखडाट अंगणात आल्यासारखा वाटतो.

आता आवाजा-आवाजांत फरक करायला शीक. काही आवाज कुणाच्या तरी पोटापाण्याचे असतात, काही नुसते लादलेले असतात. लादलेले सहन करत बसू नकोस. भोंगा कुणाचाही असो, देवळाचा, मशिदीचा, प्रचाराचा, वाढदिवसाचा, रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला मनाई आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत आणि 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या मागं आपलं वजन उभं केलं. सणासुदीला राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस सवलत देऊ शकतं, तीही रात्री 12 पर्यंतच. वस्तीत रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. तू एकटी भांडायला जाऊ नकोस. घरमालक, मेसच्या काकू आणि तुमच्या मजल्यावरच्या मुली मिळून जा. आधी नीट बोला, कर्ण्याचं तोंड फिरवा, आवाज कमी करा म्हणा. ऐकलंच नाही तर पोलिसांचा 112 नंबर आहे. यात धर्माचा प्रश्न आणू नका आणि दुसऱ्यालाही आणू देऊ नका.

टँकरवाल्याला मात्र काही बोलू नकोस. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्याच शहरात तू राहतेस. तेव्हा तू लहान होतीस. हंड्यावर हंडा आपटल्याचा आवाज ऐकून लातूरच्या कितीतरी बायकांच्या जिवात आजही जीव येतो. आणि मेसच्या काकू पातेली वाजवतात, कारण तुला आठला डबा हवा असतो.

मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात, ते आण. नुसते कानात कोंबून उपयोग नाही. बोटांत वळून बारीक कर, दुसऱ्या हातानं कान वर ओढ, मग आत सरकव आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेव. कापसाचे बोळे फारसं काही अडवत नाहीत. खाट रस्त्याच्या खिडकीपासून काढून आतल्या भिंतीला लाव. उन्हाळ्यात कूलरची एकसुरी घरघर अचानक येणारे आवाज झाकते.

एवढं करूनही जाग येईल. म्हणून खरं काम रात्रीचं आहे. तुझ्या वयाला आठ तास झोप लागतेच. या वयात शरीराचं घड्याळ उशिराकडं सरकलेलं असतं, अकरापर्यंत झोप येत नाही, तो काही आळशीपणा नव्हे. पण ते घड्याळ हलवता येतं. डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथं एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर पेशींचा एक इवलासा पुंजका आहे, तो उजेडावर चालतो. उजाडताना गच्चीवर गेलीस की रात्रीची झोप अलीकडं येते. रात्री मोबाइलचा उजेड तिला पलीकडं ढकलतो. साडेसातला जेवण उरकून साडेआठला दिवा बंद कर. अभ्यास कधी करू, म्हणशील. दिवसा वाचलेलं मेंदू झोपेतच पक्कं करतो, तेव्हा झोपेचे तास अभ्यासातून वजा धरू नकोस. बाराला झोपून चारला उठणाऱ्या पोरांचं तुमच्याकडं फार कौतुक होतं. मला ते अजिबात पसंत नाही. ती पोरं वर्गात बसलेली मी पाहिली आहेत.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. साडेचार ते सहा हा सगळा वेळ पुस्तकाला देऊ नकोस. त्यातला निदान अर्धा तास कशाच्याच कामाला लावू नकोस.

गच्चीवर जा. मे महिन्यात आपल्याकडं दिवसभर झळा, मध्यरात्रीपर्यंत स्लॅब तापलेला. जमीन सूर्य उगवेपर्यंत निवत राहते, त्यामुळं सगळ्यात जास्त गारवा अगदी उजाडतानाच असतो. उन्हाळ्याच्या चोवीस तासांत अंगाला बरी वाटेल अशी हवा तेवढीच. ती चुकवू नकोस. अंधार असतानाच कोतवाल बोलायला लागतो, काळा, लांब दुभंगलेल्या शेपटीचा, दिवसभर तारेवर बसलेला दिसतो तो. मागून दयाळ, मग बुलबुल. साळुंक्यांचा कलकलाट चांगलं दिसायला लागल्यावर. कुहू करणारा कोकीळ नर असतो, मादीचा आवाज वेगळा, घाईघाईचा किक-किक. महिनाभर रोज ऐकलंस तर डोळे मिटून पक्षी ओळखशील. चैत्रात कडुनिंबाचा मोहर याच वेळी घमघमतो. नऊ वाजता त्याच झाडाखालून क्लासला जाशील तेव्हा तो तेवढा जाणवणार नाही.

आणि तुझ्या गावची मुक्कामी गाडी आठव. ड्रायव्हर सहाच्या आधी इंजिन चालू करतो आणि गाडी जागेवरच धडधडत ठेवतो. लोकांना वाटतं उगीच गाव जागं करतो. ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, टाकीत हवा भरेपर्यंत गाडी हलवता येत नाही, म्हणून ती धडधड. ती थांबून कंडक्टरची दुहेरी घंटा ऐकू आली की अर्ध्या गावाला कळतं, दुधाचे कॅन चढले, कॉलेजच्या पोरी बसल्या. कारण कळलं की आवाजाचा राग निम्मा होतो. हिवाळ्यात बंबाखाली तुराट्या तडतडतात, काटवटीत भाकरी थापल्याचा आवाज भिंतीपलीकडून येतो. हुरड्यात आलेल्या ज्वारीवर पाखरं उजाडताच उतरतात, म्हणून राखणीला गेलेला माणूस त्यांच्याआधी माळ्यावर चढून गोफण सरसावून बसतो. त्याच्या आरोळ्या शिवारभर घुमतात. या प्रत्येक आवाजामागं कुणीतरी आपल्याआधी उठलेलं असतं.

त्यातही बायका. गंगाखेडची जनाबाई आपल्याच मुलखातली. जात्यावरचं दळण पहाटेचं असायचं आणि त्या घरघरीत घरोघरच्या बायका ओव्या रचायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या अभ्यासकांनी त्यांच्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. जी सून दिवसभर तोंड उघडू शकत नव्हती, ती जात्यापाशी माहेराबद्दल, भावाबद्दल, सासुरवासाबद्दल, पंढरीबद्दल मनातलं सगळं म्हणायची, कारण तेवढ्या वेळात तिच्याकडं कुणी काही मागत नव्हतं. दळणाचे कष्ट मोठे होते, त्यांची गोडी मी सांगणार नाही. पण तो तास त्यांचा होता. तुला साडेचारला मिळतो तो तसाच तास आहे. क्लासचा ग्रुप गप्प असतो, टेस्टचे मार्क आलेले नसतात, घरून फोन येत नाही. तुझ्या डोक्यात खरोखर काय चाललंय ते त्या अर्ध्या तासात तुला ऐकू येईल. वही जवळ ठेव, वाटलं तर चार ओळी लिही. नाही लिहिल्या तरी चालेल.

दिवाळीत गावी गेलीस की काकड्याला, म्हणजे देवळातल्या पहाटेच्या आरतीला, नक्की जा. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत महिनाभर चालतो. मृदंग आणि टाळ जागेपणी ऐकायचे असतात, अंथरुणातून ऐकले की ते त्रासाचे वाटतात.

पहिला आठवडा जड जाईल. दुपारी फारच पेंग आली तर वीस मिनिटं पड, त्याहून जास्त नको, नाहीतर रात्रीची झोप पुन्हा लांबेल. रविवारीही उठायची वेळ तीच ठेव. सकाळचा चहा झाला की दुपारनंतर चहा घेऊ नकोस, आणि भोंग्याचं काय झालं ते मला कळव. फोन कर, पण साडेसातच्या आत. त्यानंतर तू अंथरुणाच्या तयारीला लागलेली असायला हवीस.

तुझे,
सर