मैफलीचा पियानो : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्मी पियानोबद्दल आहेत, आणि सगळी सांगली-मिरजेचीच. म्हणून आज दुसरा विषय घेत नाही.

मुलगी दहा वर्षांची आहे. कुठलंही गाणं ऐकून कीबोर्डवर वाजवते. तिला मैफलीची पियानिस्ट करायचं, तर आत्ताच मुंबईला राहायला जावं का? (एक आई, विश्रामबाग)

एवढ्यात घर हलवू नका. तिचा कान तयार आहे, ही मोठी जमेची बाजू आहे. पण आधी वाद्य बदला. पियानोची पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आदळते आणि पट्टी किती वेगाने खाली जाते त्यावर आवाज लहान-मोठा होतो. हलक्या कीबोर्डवर बोटांना ही सवय लागतच नाही. खरा पियानो घेणं बहुतेकांना झेपत नाही, शिवाय आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि सूर हलतात. तेव्हा 88 वजनदार (खऱ्या पियानोसारख्या, दाबायला जड) पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या. पुढची काही वर्षं तो पुरेल.

दुसरं म्हणजे तिला स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचायला शिकवा. ऐकून वाजवणाऱ्या मुलांना वाचायचा कंटाळा येतो, कारण त्यांचं त्याविना भागतं. बीथोव्हेनच्या सोनाटापाशी (अनेक भागांच्या मोठ्या रचनेपाशी) आल्यावर मात्र भागत नाही. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम, संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या या लंडनच्या बोर्डांपैकी कुठल्याही बोर्डाच्या आठ ग्रेड, म्हणजे पायऱ्या, आहेत. त्या सावकाश होऊ द्या. दर वर्षी एक झालीच पाहिजे हा हट्ट मला घातक वाटतो. परीक्षेचे तीन तुकडे (रचना) वर्षभर घोटून मूल संगीत शिकत नाही.

मी सतरा वर्षांचा. ग्रेड आठ झाली. रोज सहा तास रियाज करतो. महिनाभर उजव्या मनगटात कळ येतेय. वाजवत राहिलं की जाईल, असं सगळे म्हणतात. (मिरज)

जाणार नाही. आजपासून थांब आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखव.

जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमानला पियानिस्टच व्हायचं होतं. विशीच्या सुमारास उजव्या हाताचं बोट निकामी झालं आणि तो रचनेकडे वळला. अमेरिकेचा पियानिस्ट लिऑन फ्लायशर छत्तीसच्या आसपास होता, ऐन भरात. उजव्या हाताची बोटं आपोआप आत वळू लागली. पुढची कित्येक वर्षं तो फक्त डाव्या हाताच्या रचना वाजवत होता. तुझं दुखणं तसलंच आहे असं मी म्हणत नाही. पण दुखणं अंगावर काढू नकोस.

डॉक्टरांनी परवानगी दिली की सी मेजरची (फक्त पांढऱ्या पट्ट्यांची) सरगम घेऊन आरशासमोर बस. उजवा हात सा-रे-ग अंगठ्यापासून तिसऱ्या (मधल्या) बोटापर्यंत जातो, मग 'म'साठी अंगठा तळहाताखालून सरकतो. त्या क्षणी कोपर बाहेर फेकलं जातं का, मनगट पिळतं का, ते बघ. बहुतेकांचं दुखणं तिथे असतं. अंगठा 'ग' वाजतानाच हळूहळू आत निघाला पाहिजे. ऐन वेळी झटका मारायचा नाही. लय निम्म्याहून कमी ठेव. सहा तासांऐवजी चाळीस-चाळीस मिनिटांच्या तीन बैठका कर. बाकीचा वेळ पियानोपासून दूर बसून स्वरलिपीचं पान वाच, डोक्यात वाजव. मोठे वादकही हे करतात.

मैफलीत सगळं पाठच वाजवावं लागतं का? मला विसरायची भीती वाटते. (तासगाव)

एकल मैफलीत तो रिवाज आहे. एकोणिसाव्या शतकातले पियानिस्ट क्लारा शूमान (रॉबर्टची बायको) आणि लिस्ट यांच्या काळात तो रुजला. पण विसाव्या शतकातला मोठा रशियन पियानिस्ट स्व्यातोस्लाव रिख्टर उतारवयात समोर पान आणि शेजारी दिवा ठेवून वाजवायचा, आणि त्याला कोणी कमी लेखलं नाही. पाठ करताना मात्र नुसतं बोटांवर विसंबू नका. तुकड्याच्या मधल्या चार-पाच जागा ठरवा आणि तिथून कधीही सुरू करता येईल अशी तयारी ठेवा.

यात पोट भरतं का? खरं सांगा. (एक वडील, इस्लामपूर)

फक्त मैफलींवर फार थोड्यांचं. व्हायोलिनवाल्याला ऑर्केस्ट्रात कायमची खुर्ची मिळू शकते, पियानोवाल्याला ती सहसा नसते. बहुतेक सिंफनींत (ऑर्केस्ट्राच्या मोठ्या रचनांत) पियानोच नाही. कॉन्चेर्टो (एकल वादक आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना) असला की एकल वादक त्या मैफलीपुरता बोलावतात. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात 2006 पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, तिथेही हेच. पोलंडमधल्या वॉर्सातली शोपँ पियानो स्पर्धा (1927 पासून, साधारण पाच वर्षांनी एकदा) जिंकणाऱ्याला मैफली मिळतात. बाकीचे शिकवतात, गायकांना साथ करतात, चेंबर संगीत (दोन-चार वादकांच्या रचना) वाजवतात.

शिकवणं ही हार नाही. मी मनापासून शिकवतो, आणि चांगला शिक्षक तालुक्याच्या गावातही मानाने राहतो. परदेशी कॉन्झर्व्हेटरीचा (संगीत महाविद्यालयाचा) विचार असेल तर बाखचा एक प्रेल्यूड-फ्यूग (दोन रचनांची जोडी), एक अभिजात सोनाटा, शोपँचा एक एट्यूड (तंत्र घोटणारी रचना), एवढं बारावीच्या आधी बसलेलं हवं. फी आणि राहण्याच्या खर्चाचा हिशेब मुलाला दाखवूनच करा. सतराव्या वर्षी त्याला तो नीट कळतो.