हाताने सगळं येतंय, पण इलेक्ट्रिकल सुपरवायझरच्या परीक्षेचा अभ्यास कसा करू?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरात मागाच्या कारखान्यात सहा वर्षं मेंटेनन्स करताय, आयटीआय झालंय, वायरमनचा परवाना आहे, आता मास्टर इलेक्ट्रिशियनचं लायसन काढायचंय पण पुस्तक उघडलं की झोप येते. आधी नावाचा घोळ मिटवू. मास्टर इलेक्ट्रिशियन हे तिकडं अमेरिकेत वगैरे असतं, आपल्याकडं वायरमन, त्याच्यावर सुपरवायझर आणि मग ठेकेदाराचं लायसन, म्हणजे तुम्हाला सुपरवायझरची परीक्षा द्यायचीय. फॉर्म, फी, अनुभवाची अट हे सगळं विद्युत निरीक्षक कार्यालयात जाऊन चालू वर्षाचं विचारा, यूट्यूबवर ऐकून जाऊ नका, तिथं तीन वर्षांपूर्वीचं पण आजचं म्हणून सांगतात.

मी पहिल्या वेळी नापास झालोय हे आधीच सांगतो. अभ्यास नव्हता असं नाही, गाईड पाठ होतं, पण प्रश्न जरा फिरवून आला की माझं डोकं बंद. काम येत होतं, पण काम करताना आपण "असंच करतात" म्हणून करतो ना, पेपरात ते "असंच का" विचारतात.

त्यानंतर एका रंगाईच्या कारखान्यात 10 एचपीची मोटर माझ्या हातून जळाली. स्टार-डेल्टा स्टार्टर होता, म्हणजे मोटर आधी स्टार जोडणीत कमी करंटवर सुरू करून मग डेल्टात चालवणारी पेटी. मोटर पूर्ण लोडला साधारण 15 अँपिअर घेते हे माहीत होतं म्हणून मी ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद पाडणारा, 15 वर लावला आणि वर ऐटीत मालकाला सांगितलं की सेटिंग परफेक्ट केलंय. काही दिवसांनी एक फ्यूज गेला, मोटर दोन फेजवर गुरगुरत राहिली, रिले काही पडला नाही, वार्निश जळाल्याचा वास थेट गेटपर्यंत. मी ज्यांच्या हाताखाली होतो ते अण्णा आले, पॅनेल उघडलं, बॅटरी मारली आणि एवढंच विचारलं, "का बे, रिले कुठल्या वायरवर हाय?" रिले मेन लाईनवर नव्हताच, मेन कॉन्टॅक्टरच्या (लाईन जोडणाऱ्या स्विचच्या) खाली, मोटरला जाणाऱ्या वायरवर होता. डेल्टात तिथं लाईनचा करंट नसतो, वाइंडिंगचा असतो, म्हणजे लाईनला भागिले 1.732. 15 चे 58 टक्के, 8.7 अँपिअर. मी जवळपास पावणेदोन पट सैल सोडला होता. हा 58 टक्क्याचा आकडा माझ्या गाईडमध्ये होता, मला पाठ पण होता, फक्त तो माझ्यासमोरच्या पेटीतलाच आहे हे कळलं नव्हतं.

तिथून अभ्यासाची पद्धत बदलली आणि तुम्हाला तीच सांगतोय. दिवसभरात हाताने जे केलं त्यातलं एकच काम रात्री वहीत घ्यायचं, त्याचं एका रेषेचं डायग्राम काढायचं, करंटचा हिशोब करायचा आणि त्याला कुठला नियम लागतो तो खाली लिहायचा. एवढंच, रोज अर्धा तास, झोप येत नाही कारण ते आपलंच काम असतं. उदाहरण द्यायचं तर हीच 10 एचपी, म्हणजे 7460 वॅट, भागिले (1.732 गुणिले 415 व्होल्ट गुणिले पॉवर फॅक्टर 0.8 गुणिले एफिशियन्सी 0.85), उत्तर 15.3 अँपिअर येतं. आपण तोंडाने "एचपीला दीड अँपिअर" म्हणतो ते इथून आलंय. मग केबल काढा, आणि इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, हवेतल्या केबलचं रेटिंग टेबलात 40 अंश धरून दिलेलं असतं आणि आपल्या सोलापूरला मे महिन्यात बाहेरच 43-44 असतं, पत्र्याखाली तर विचारू नका. म्हणजे टेबलातला आकडा जसाच्या तसा घेतला तर चुकलं, कमी करून घ्यावा लागतो.

अर्थिंगचं पण तसंच. पाईप अर्थिंगला पाईप किमान 2.5 मीटर, कॉपर प्लेट 600 बाय 600 बाय 3.15 मिलिमीटर, हे पाठ करायलाच लागतं, इलाज नाही. पण कोळसा-मीठ का, पाणी का घालायचं, हे आपल्या काळ्या मातीत उभं राहिल्यावर कळतं. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ओल गेली की माती पाईपला सोडते. मी एकदा मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स मोजला (जितका कमी तितका चांगला) तर 11 ओहम, चार-पाच घागरी पाणी ओतून दुसऱ्या दिवशी मोजला तर 4 च्या आत. पावसाळ्यात मोजून "ओके" लिहिलेल्या रिपोर्टवर माझा तेव्हापासून विश्वास नाही. अर्थ टेस्टर कुणाकडून तरी मागून आणा, लांबचा खिळा पुरेसा लांब ठोका, मधला खिळा थोडा पुढे-मागे करून तीनदा मोजा, रीडिंग हललं नाही तर खरं, हललं तर लांबचा अजून लांब न्या. हे एकदा केलं की त्या प्रश्नाला दोन पानं सहज लिहाल.

गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, टेम्पररी कनेक्शनची कामं मिळाली तर सोडू नका. होम मैदानावर एका रांगेत स्टॉलचं ईएलसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) सारखं पडत होतं, लोक म्हणाले पीस खराब आहे, काढून डायरेक्ट करा. खराब नव्हतं, शेजारच्या दोन स्टॉलवाल्यांनी न्यूट्रल एकत्र जोडलं होतं. एकाच्या फेजने गेलेला करंट दुसऱ्याच्या न्यूट्रलने परत येतोय म्हटल्यावर ते पडणारच, त्याचं कामच तेवढं आहे, गेलं किती आणि आलं किती ते बघणं. न्यूट्रल वेगळे केले, पडायचं थांबलं.

आता नियम. हा भाग कंटाळवाणाच आहे, गोड करून सांगत नाही. बाजारातल्या जुन्या नोट्समध्ये 1956 चे इंडियन इलेक्ट्रिसिटी रूल्स असतात, त्यांच्या जागी 2010 ला सीईएचे (केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे) सेफ्टी रेग्युलेशन्स आले आणि 2023 ला ते पण बदलले, त्यामुळं नंबर पाठ करण्याआधी नोट्स कधीच्या आहेत ते बघा. जुनी माणसं अजून "रूल 77" असंच बोलतात, म्हणून त्यातलं मोजमाप तरी डोक्यात ठेवा: रस्ता ओलांडणारी एलटी (कमी दाबाची) लाईन जमिनीपासून किमान 5.8 मीटर, एचटी (जास्त दाबाची) 6.1, रस्त्याच्या कडेने जाणारी एलटी 5.5, एचटी 5.8. आणि रूल 79 मधलं, एलटी लाईन इमारतीच्या वर 2.5 मीटर आणि बाजूला 1.2. आमच्या गल्लीतल्या गॅलऱ्या बघितल्या तर निम्म्या नापास होतील, ते जाऊ द्या. मेगरचं, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरचं, 500 व्होल्ट डीसी एक मिनिट, लाईव्ह वायर आणि अर्थमध्ये किमान 1 मेगओहम. इलेक्ट्रिसिटी ॲक्ट 2003 मधलं कलम 126, 135 आणि अपघाताची खबर द्यायचं 161, एवढी तरी एकमेकांत मिसळू देऊ नका. 126 अनधिकृत वापर, 135 चोरी, मी पहिल्या पेपरात उलटं लिहून आलो होतो.

आणि डायग्राम पेन्सिलीने, पट्टी घेऊन. आपण पॅनेल डोळे मिटून जोडतो पण कागदावर कंट्रोल सर्किट काढायला बसलं की टायमरचा कॉन्टॅक्ट एनओ (एरवी उघडा) की एनसी (एरवी बंद) तिथंच अडतो. जोडलेलं पॅनेल समोर ठेवून, वायर बोटाने धरत धरत काढा, चार-पाच वेळा काढलं की बसतं.

सगळ्यात आधी मात्र उद्याच मालकाकडं अनुभवाचा दाखला मागा, लेटरहेडवर, सही-शिक्क्याचा, तारखांसकट. देणार नाही असं कुणी म्हणत नाही, "दिवाळी होऊ दे, देतो" म्हणतात. माझी दिवाळी झाली, गड्डा झाला, फॉर्मची तारीख पण होऊन गेली तरी तो दाखला आला नव्हता.