भेंडीची तार, कारल्याचं पाणी

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

नावडत्या भाज्यांची तुझी यादी वाचली. भेंडी, कारलं, दुधी, शेपू, वांगं. ती यादी परत घे आणि प्रत्येक भाजीपुढे नेमकं काय नको वाटतं ते एका शब्दात लिही. भेंडीची चव नकोशी आहे की तिचा बुळबुळीतपणा? वांग्यात चव खटकते की तो मऊ गिळगिळीत गर? ‘आवडत नाही’ एवढ्यावर स्वयंपाकघरात काहीच करता येत नाही. चिकटपणा, पाणचटपणा, वास आणि कडूपणा यांवर मात्र करता येतं, कारण त्यांची कारणं माहीत आहेत.

घरी पोचायला साडेसात होतात म्हणतेस, तेव्हा प्रयोगाच्या दिवशी आधी पोटाची सोय करून ठेव. प्रयोग फसला तरी वरण-भात, तूप, लोणचं आणि एक पापड एवढं ताटात असलंच पाहिजे. भुकेल्या पोटी फसलेली भाजी खाल्ली की त्या भाजीवरचा राग दुप्पट होतो. एक वाटी तांदूळ धुऊन दोन वाट्या पाण्यात. तांदूळ नवा असेल तर पावणेदोन. अर्धी वाटी तूरडाळ दीड वाटी पाण्यात, चिमूटभर हळद, हिंग आणि चार थेंब तेल घालून. कुकरच्या तळाशी दोन वाट्या पाणी, त्यावर डाळीचा डबा, त्यावर भाताचा. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या, मग मंद आचेवर पाच मिनिटं. वाफ आपोआप जिरू दे, त्याला दहा-बारा मिनिटं लागतात. डाळ कणीदार राहिली तर बहुतेक वेळा ती जुनी असते, किंवा शिजण्याआधीच तिच्यात टोमॅटो वा चिंच पडलेली असते. आंबट पदार्थ असला की डाळ मऊ व्हायला फार वेळ घेते. म्हणून आमसूल, चिंच, टोमॅटो सगळं नंतर, फोडणीच्या वेळी.

कुकर चढला की हातात साधारण अर्धा तास असतो. भाजी त्यात बसवायची.

भेंडीपासून सुरुवात कर, कारण तिच्यात फरक सर्वांत लवकर दिसतो. पाव किलो घे. विकत घेताना शेंडा मोडून बघ. कट्‌ आवाज करून मोडला तर कोवळी, नुसता वाकला तर जून. भेंडीतला चिकट पदार्थ पाण्यात विरघळणारा आहे आणि कापलेल्या तोंडातून तो बाहेर येतो. पाणी मिळालं की तो फुगतो, पसरतो. म्हणून भेंडी अख्खी धुवायची, एकेक पुसायची आणि फडक्यावर पसरून ठेवायची. आल्या-आल्या हे केलंस तर कपडे बदलून, कुकर लावून होईपर्यंत ती सुकते. सुरी आणि पाटही कोरडे हवेत. तुकडे साधारण एक सेंटिमीटरचे कर. फार बारीक चिरली की कापलेली तोंडं वाढतात आणि तारही.

पसरट कढई घे, पण लोखंडी नको. लोखंडात भेंडी काळी पडते आणि आमसूल घातलं की आणखीच. दोन मोठे चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग, दोन हिरव्या मिरच्या, हळद. भेंडी टाक आणि मध्यमपेक्षा जरा मोठ्या आचेवर ठेव. झाकण ठेवायचं नाही. झाकणावर जमलेली वाफ थेंब होऊन परत भाजीत पडते.

आता नीट बघ. तीन-चार मिनिटांत उलथन्याला लांबलचक तारा लागतील आणि भाजी बिघडली असं वाटेल. नेमक्या ह्याच क्षणी लोक घाबरून पाण्याचा हबका मारतात किंवा झाकण ठेवतात. काही करू नकोस. दीड-दोन मिनिटांनी एकदा, खालून वर असं हलव. सारखं ढवळलं की तुकडे फुटतात आणि आतला चिकटा बाहेर येतो. पाच मिनिटांनी तीन आमसुलं फाडून घाल, किंवा शेवटी एक चमचा लिंबाचा रस. आंबटपणाने तार तुटते. आठ-नऊ मिनिटांत तारा नाहीशा होतात आणि कडा तांबूस दिसायला लागतात. मीठ तेव्हाच, अर्धा चहाचा चमचा. आधी घातलं तर मिठाने पाणी सुटतं आणि सगळी मेहनत वाया जाते. वर दोन चमचे दाण्याचं कूट, बारा मिनिटांत भाजी उतरव. दुप्पट भाजी एकाच कढईत कोंबू नकोस. थर जाड झाला की खालची भेंडी वरचीच्या ओलाव्यात उकडते.

कारल्याचं वेगळं आहे. त्याचा कडूपणा त्याच्या पेशींतच आहे, तो पुरता जात नाही आणि गेला तर ते कारलं राहत नाही. पाव किलो कारली घे, वरच्या खरबरीत शिरा हलक्या हाताने खरवड, उभी चिरून जून बिया आणि पांढरा गाभा काढ. चकत्या पातळ हव्यात, दोन-तीन मिलिमीटरच्या. एक सपाट चहाचा चमचा मीठ चोळून वीस मिनिटं ठेव. मग मुठीत धरून घट्ट पिळ. हिरवट पाणी निघेल, त्यातून बराच कडूपणा जातो. पिळलेली चकती चाखून बघ. खारट असेल तर एकदा पटकन धुऊन पुन्हा पिळ आणि भाजीत वेगळं मीठ घालू नकोस. कारल्याची भाजी बिघडते ती बहुतेक इथेच, मीठ दोनदा पडल्यामुळे.

तीन मोठे चमचे तेलात ती पंधरा मिनिटं परत, कडा तपकिरी आणि कुरकुरीत होईपर्यंत. मग लाल तिखट, एक मोठा चमचा चिंचेचा कोळ, तो आटला की तेवढाच किसलेला गूळ, आणि भाजलेले तीळ नि सुकं खोबरं कुटून दोन चमचे. गूळ अगदी शेवटी, कारण तो लवकर करपतो आणि करपलेला गूळ स्वतःच कडू लागतो. मीठ, तेल आणि गोड तिन्हींमुळे जिभेला कडू कमी जाणवतं, म्हणून ह्या भाजीत तेलाची काटकसर केलीस तर गूळ कितीही वाढवला तरी भागणार नाही. वरण-भातासोबत आधी चमचाभरच वाढून घे. कारलं हे तोंडी लावणं आहे, वाटीभर खायची भाजी नाही, ही गोष्ट कोणी सांगतच नाही.

कडूपणावरून एक महत्त्वाची गोष्ट. दुधी कडू लागला तर तो शिजवायचा नाही, खायचा नाही, थेट टाकून द्यायचा. कारलं कडू असतंच, पण कडू दुधीतली द्रव्यं विषारी असतात; त्याचा रस पिऊन माणसं गंभीर आजारी पडली आहेत आणि काही दगावलीही आहेत. शिजवल्याने ती द्रव्यं जात नाहीत आणि गुळाने झाकून तर मुळीच खाऊ नयेत. दुधी चिरताना दर वेळी नखाएवढा कच्चा तुकडा जिभेला लावून बघ. गोडसर किंवा बेचव लागला तर पुढे जा. कडू लागला तर थुंकून टाक आणि चूळ भर. काकडी आणि दोडक्याच्या बाबतीतही हीच सवय ठेव.

चांगल्या दुधीचा पाणचटपणा नको असेल तर त्याचं थालीपीठ कर. दोन वाट्या कीस, अर्धा चमचा मीठ, तिखट, ओवा, कोथिंबीर. पाच मिनिटं तसंच ठेव, पाणी सुटेल. त्याच पाण्यात मावेल तेवढी भाजणी घाल, दीड वाटीच्या आसपास. वरून पाणी घालायचं नाही. भिजवलेलं पीठ लगेच थाप. पंधरा मिनिटं राहिलं की सैल होतं आणि तव्यावर फाटतं.

वांगं नको वाटतं त्याला त्याचा स्पंजासारखा गर जबाबदार आहे. आत हवा भरलेली असते, तो तेल पितो आणि लिबलिबीत होतो. काप कर. भरताचं मोठं वांगं, अर्धा सेंटिमीटरच्या चकत्या, मीठ लावून दहा मिनिटं, मग पुसून कोरड्या. मिठाने गर बसतो आणि तेल कमी ओढलं जातं. हळद, तिखट, तीन चमचे तांदळाचं पीठ आणि एक चमचा रवा एकत्र करून त्यात दाबून घोळव. तव्यावर एका बाजूने चार मिनिटं न हलवता. लवकर उलटलंस तर लेप तव्यालाच राहतो. मात्र वांगं खाल्ल्यावर ओठ सुजत असतील किंवा घसा खाजत असेल तर ते नावडतं नाही, बाधतं. त्याचे प्रयोग करायचे नाहीत.

शेपूला घाई नको. पहिल्यांदा अर्धी जुडी शेपू, अर्धी जुडी पालक, पाव वाटी भिजवलेली मूगडाळ आणि सात-आठ लसूणपाकळ्या तेलात तांबूस करून. पालेभाजी शिजून चौथाईवर येते, म्हणून मीठ ती बसल्यावरच.

मिक्सरमध्ये फिरवून पावभाजीत लपवायचा सल्ला तुला बरेच जण देतील. त्याने भाजी पोटात जाते, पण तिची ओळख होत नाही. पुढच्या वेळी ताटात समोर आली की पुन्हा तेच. त्यापेक्षा एका आठवड्यात एकच भाजी आणि एका वेळी एकच बदल कर. आमसूलही घातलं, आचही वाढवली, तुकडेही बदलले, तर कशाने जमलं ते कळणार नाही. वजन, मिठाचे चमचे आणि मिनिटं वहीत टिपून ठेव. तीन वेगळ्या तऱ्हांनी करूनही एखादी भाजी घशाखाली उतरली नाही तर तिला सोडून दे, बाजारात भाज्या पुष्कळ आहेत.

बुधवारी भेंडी कर. तार किती मिनिटांनी तुटली आणि आमसूल कधी घातलंस, तेवढं कळव. कढई केवढी होती तेही लिही.

तुझा शुभचिंतक